तिसऱ्या गिअरवर गाडी गचके का खाते? घाट, हंप आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरचा इलाज

तक्रार बहुतेक अशीच येते. गाडी चांगली आहे, सर्व्हिसिंग वेळेवर होतं, पण बेळगावातून हिंडलगा सोडून सुळग्याकडे निघालं की प्रत्येक हंपनंतर गचके देते. चोर्ला घाटाच्या वळणावर दम सोडते. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर घरची पाच माणसं बसवून चढवली की मध्येच बंद पडते आणि मागचा ट्रॅक्सवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. मिस्त्री प्लग बघतो, एअर फिल्टर बदलतो, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

अशा बऱ्याच गाड्यांत बिघाड काहीच नसतो. गिअर एक घर वर पडलेला असतो. चालवणाऱ्याने काट्यावरचा वेग बघून गिअर ठरवलेला असतो, आणि इंजिनावर त्या क्षणी किती भार आहे हे वेगाच्या काट्याला कळत नाही. तीसचा वेग कॅम्पातल्या सपाट रस्त्यावर असतो तसाच कणकुंबीच्या चढावरही असतो. इंजिनाच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कामं आहेत.

बिघाड की गिअर, आधी हे ठरवा

गाडी जिथे त्रास देते त्याच जागी, तेवढीच माणसं बसवून पुन्हा जा. या वेळी नेहमीच्या गिअरच्या एक खालच्या गिअरवर चालवा. तिसऱ्यावर गचके देत असेल तर तिथे पोहोचायच्या आधीच दुसरा टाका. गचके गेले, गाडी सरळ ओढू लागली, तर मिस्त्रीकडे जायची गरज नाही. खालच्या गिअरवरही तोच त्रास राहिला तर मात्र गाडी दाखवा. त्याबद्दल शेवटी लिहितो.

ही चाचणी फुकट आहे आणि हजारो रुपये वाचवते, तरी फार थोडे लोक ती करतात. कारण खालच्या गिअरवर इंजिनाचा आवाज वाढतो आणि आपल्याकडे आवाज वाढला की गाडी झिजते असं मनात पक्कं बसलं आहे. पेट्रोलचं इंजिन 3000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर, फिरतंय म्हणजे त्याला त्रास होतोय असं नाही. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांची लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, 6000 च्या आसपास किंवा त्याच्याही वर असते. त्रास होतो तो 1000 आरपीएमवर पाय पूर्ण दाबून चढ चढताना. आवाज कमी असतो, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. आत मात्र प्रत्येक स्फोटाचा जोर हळू फिरणाऱ्या क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) बसतो, बेअरिंगवर दाब येतो, पेट्रोल वेळेआधीच भडकू लागतं आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, पण पिकअप आणखी पडतो. मग चालवणारा पाय आणखी दाबतो. गाडीत जीवच नाही, ही तक्रार इथून सुरू होते.

सांगितलेला तक्ता खोटा नाही, अपुरा आहे

शिकताना आपल्याला सांगतात: सुटताना पहिला, दहा-पंधराला दुसरा, तीसला तिसरा, चाळीस-पन्नासला चौथा, साठनंतर पाचवा. सपाट रस्ता, दोन माणसं, हळूहळू वाढणारा वेग, यासाठी हा तक्ता बरोबर आहे. पहिल्या महिन्यात कामालाही येतो. पण तो वेग वाढवताना कधी वरचा गिअर टाकायचा एवढंच सांगतो. वेग कमी होताना, चढावर, भार असताना, पुढची गाडी ओलांडायची असताना काय करायचं, यावर तो गप्प आहे. आपल्या भागातलं निम्मं ड्रायव्हिंग तर तसंच आहे: खानापूर तालुक्यातले चढउतार, गावागावांतले हंप, हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि गोव्याला किंवा सावंतवाडीला जायचं तर घाट.

आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण घ्या. निवृत्तीनंतर गाडी शिकले, माणूस अतिशय शिस्तीचा. चंदगडला लेकीकडे निघाले होते, मी शेजारी बसलो होतो. बाचीच्या अलीकडच्या हंपला त्यांनी ब्रेक दाबला, गाडी पंधरावर आली, हंप ओलांडला, आणि तिसऱ्यावरच पाय दाबला. गिअरची दांडी थरथरायला लागली, डॅशबोर्डवरचा गणपती हलायला लागला.

मी म्हटलं, "काका, दुसरा टाका."

"अरे, आता तीसवर जाणारच हाय की गाडी. तीसला तिसरा म्हणून शिकवल्यात."

"जाईल तेव्हा टाका तिसरा. आत्ता पंधरावर आहे, तिला वर ओढायला दुसराच लागणार."

पुढच्या हंपला त्यांनी दुसरा टाकला. दांडी थरथरली नाही. काका काही बोलले नाहीत, पण शिनोळीपर्यंतचा प्रत्येक हंप त्यांनी दुसऱ्यावर काढला. गिअर आत्ताच्या वेगाला बसला पाहिजे आणि पुढच्या क्षणी गाडीकडून जे काम हवं आहे त्यालाही पुरला पाहिजे. तिसऱ्यावर पंधराच्या वेगाने नुसतं तरंगत राहायचं असेल तर गाडी कुरकुर करणार नाही. तिथून वेग पकडायचा असेल तर तिच्या अंगात जोरच नसतो.

भाताचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस ढांगा टाकत नाही, बारीक पावलं टाकतो. खालचा गिअर म्हणजे ती बारीक पावलं. इंजिन जास्त वेळा फिरतं, पण प्रत्येक फेऱ्याला कमी ओझं उचलतं.

आपल्या गाडीचे आकडे स्वतः काढा

यासाठी मिस्त्री किंवा पुस्तक लागत नाही. आरपीएमचा काटा असलेली गाडी, सकाळचा मोकळा सपाट रस्ता आणि शेजारी लिहून घेणारा माणूस एवढं पुरतं. प्रत्येक गिअरमध्ये गाडी 2000 आरपीएमवर स्थिर धरा आणि वेग वाचा. तो निम्मा केला की त्या गिअरमध्ये 1000 आरपीएमला गाडी किती वेगाने जाते ते मिळालं. हा हिशेब गिअरच्या दात्यांचा आणि टायरच्या घेराचा आहे. त्याच मापाचे टायर असेपर्यंत तो बदलत नाही, चढावर नाही आणि उतारावरही नाही.

पाच गिअरच्या छोट्या पेट्रोल गाडीत हे आकडे साधारण असे येतात: पहिल्यात 7 किलोमीटर, दुसऱ्यात 13, तिसऱ्यात 20, चौथ्यात 28, पाचव्यात 34. तुमच्या गाडीत एक-दोनचा फरक पडेल. डिझेल गाड्यांचे गिअर लांब असतात, त्यामुळे वरच्या गिअरांत आकडे जास्त येतील.

आता या आकड्यांनी जुना तक्ता तपासून बघा. पंधराच्या वेगाला तिसऱ्यात इंजिन फिरतं 750 वर. बहुतेक गाड्या उभ्या असताना, पाय न लावता, साधारण तेवढ्यावरच फिरतात. म्हणजे काकांची गाडी तिथे बंद पडायच्या काठावर होती आणि तिच्याकडून वेग मागितला जात होता. तोच वेग दुसऱ्यात 1150 च्या आसपास येतो आणि गाडी निघते. तीसच्या वेगाला तिसऱ्यात 1500, सपाटीवर उत्तम. हाच तीस चोर्ल्याच्या चढावर पाच माणसांसह असेल तर 1500 पुरत नाही, दुसऱ्यातले 2300 लागतात.

माझा स्वतःचा नियम सोपा आहे. पेट्रोल गाडीत सपाटीला 1500 च्या खाली जोर मागायचा नाही. चढाला किंवा भाराला 2000 च्या खाली मागायचा नाही. टर्बो डिझेलला 1500 ते 1800 च्या खाली टर्बोची (इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची) हवा नीट भरत नाही, म्हणून तिथे गाडी एकदम मेल्यासारखी वाटते आणि मग अचानक उसळते. नवीन टर्बो पेट्रोल गाड्यांत तर कमी आरपीएमवर पूर्ण पाय दाबणं जास्तच वाईट. त्या इंजिनांत अशा वेळी सिलिंडरमध्ये अवेळी जळण होऊन पिस्टनला इजा होऊ शकते.

आरपीएमचा काटा नसेल तरी हा हिशेब येतो. शरीराला कळतं. गिअरची दांडी थरथरते, पायाखालची फरशी घरघरते, पाय दाबला तरी आवाज चढत नाही, नुसता जाड होतो. पाय अर्ध्याच्या पुढे गेला आणि वेग वाढत नाही, एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी चालते. तशी खूण दिसली की गिअर उतरवा.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर वर-खाली बाण दाखवणारी सोय असते. ती पेट्रोल वाचवण्यासाठी केलेली आहे आणि सपाट रस्त्यावर कामाची आहे. पण पुढच्या वळणावर काय वाढून ठेवलंय ते तिला माहीत नसतं. घाटात तो बाण बघू नका.

घाटात गाडी दम सोडते

चोर्ल्याने गोव्याहून परत येताना केरी सोडलं की चढ सुरू होतो. आंबोलीला सावंतवाडीकडून दाणोली सोडलं की तेच. इथे लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: वळणात शिरेपर्यंत तिसरा धरून ठेवतात, वळणात वेग पडतो, गाडी दमते, आणि तेव्हा, वळणाच्या पोटात, एक हात स्टेअरिंगवर आणि एक दांडीवर ठेवून दुसरा शोधतात. तेवढ्यात क्लच दाबलेला, गाडीला जोर नाही, चढामुळे वेग आणखी पडतो. दुसरा सापडेपर्यंत पहिल्याची वेळ आलेली असते. मग गाडी बंद पडते आणि मागे घसरते.

गिअर वळणाच्या आधी उतरवायचा. वळण दिसलं की ब्रेक लावून वेग कमी करा, क्लच दाबा, दुसरा टाका, क्लच सोडा, आणि मग वळा. वळणात दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि पाय हलक्या दाबाने रेसवर. वळण सुटलं की पुढचा रस्ता बघून ठरवा. पुढचं वळण जवळ असेल तर तिसरा टाकूच नका. दोन वळणांमध्ये तिसरा टाकून लगेच पुन्हा दुसरा टाकण्यात काही मिळत नाही, क्लच मात्र झिजतो.

समोरून गाडी खाली येत असेल आणि रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच आहे. कारण सरळ आहे. उतरणारा थांबून पुन्हा सहज निघतो, चढणाऱ्याला थांबवलं तर त्याला पहिल्या गिअरवर, हँडब्रेकवर, सगळं नव्याने उभं करावं लागतं. तुम्ही उतरत असाल तर थांबा. चढणाऱ्याच्या अंगावर लाईट मारून त्याला थांबवू नका.

आणखी एक गोष्ट आहे. समुद्रसपाटीवरून वर येताना हवा विरळ होत जाते. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर 100 मीटरला साधारण एक टक्क्याने उतरतो. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पणजीत जी गाडी तिसऱ्यावर एखादा चढ आरामात काढते तिला इथे तोच चढ थोडा जड जाईल. यात गाडीचा दोष नाही. छोटं इंजिन असेल आणि माणसं भरलेली असतील तर कडक चढाला एसी पाच मिनिटं बंद करा, फरक लगेच जाणवतो.

राजहंसगडाचा किंवा यल्लम्मा डोंगराचा कडक टप्पा पहिल्यावर चढवायला लोकांना कमीपणा वाटतो. पहिला गिअर फक्त सुटण्यासाठी असतो असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. चढ मागतो तेव्हा पहिला टाका आणि निवांत चढा. फक्त इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

उतरताना ब्रेकचा वास

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण चढावर चुकलं तर गाडी बंद पडते, उतारावर चुकलं तर माणसं जातात.

आपल्याकडे वडापवाल्यांची (प्रवासी जीपवाल्यांची) जुनी सवय आहे: घाटमाथा आला की न्यूट्रल करायचं आणि इंधन वाचवायचं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ते उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर रेसवरचा पाय काढला की कॉम्प्युटर इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे नळ) बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात, पेट्रोल जळतच नाही. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरत राहावं लागतं आणि त्यासाठी पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, वर गाडीला धरून ठेवणारं इंजिनही सुटतं. मग सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि उतारावर इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि किल्ली पूर्ण फिरवून काढली तर स्टेअरिंग लॉक होतं.

ब्रेक सतत दाबून ठेवले की पॅड आणि डिस्क तापतात, घर्षण कमी होतं आणि जळका वास येतो. पुढची पायरी जास्त भयंकर आहे. ब्रेक ऑइल उकळतं. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार. ताज्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो आणि डॉट 4 चा 230. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल धरल्यावर हीच किमान मर्यादा डॉट 3 ला 140 आणि डॉट 4 ला 155 अंश धरली जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कणकुंबी आणि आंबोलीच्या पट्ट्यात, ऑइलला ओल मिळायला कमी नाही. उकळल्यावर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ फरशीला टेकतो. गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच. मिस्त्री म्हणाला "अजून चांगलं आहे", तरी बदला.

गिअर कोणता, याचं उत्तर जुन्या ट्रकवाल्यांकडे आहे: ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. आकड्यांत बघा. चोर्ल्याच्या उतारावर 35 चा वेग धरायचा आहे. चौथ्यात इंजिन फिरेल 1250 वर, ते गाडीला जवळजवळ धरतच नाही. तिसऱ्यात 1750, थोडं धरतं. दुसऱ्यात 2700, आता गाडी स्वतःहून मागे ओढल्यासारखी चालते आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. आवाज वाढेल, वाढू द्या. इंजिनाला त्यात इजा नाही. दुसऱ्यातही काटा चढतच राहिला तर ब्रेक चांगला दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. हलका हलका सतत दाबून ठेवण्यापेक्षा असं दाबणं आणि सोडणं बरं, मधल्या वेळात डिस्क थंड होते.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. वेग वाढल्यावर घाईघाईने खालचा टाकणं धोक्याचं आहे. 80 च्या वेगाला दुसरा घातला तर इंजिन 6000 च्या वर जातं. चुकून पहिला गेला तर 11000 चा हिशेब होतो, आणि तिथे कुठलंही घरगुती इंजिन शाबूत राहत नाही. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग गिअर. ओल्या रस्त्यावर क्लच हळू सोडा. झटक्यात सोडला तर पुढची चाकं क्षणभर पकड सोडतात. आंबोलीच्या धुक्यात असं वळणावर झालं तर सावरायला जागा नसते.

संकेश्वरहून निपाणीकडे तवंदीचा घाट उतरताना रस्ता रुंद आहे, म्हणून लोक पाचव्यावरच सोडतात. तिथे तुमच्या पुढे-मागे भरलेले ट्रक असतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे ब्रेक तापलेले असू शकतात. चौथा, गरज पडली तर तिसरा टाका, ट्रकच्या पाठीमागे चिकटू नका.

उसाची ट्रॉली ओलांडताना पिकअप मिळत नाही

हंगामात संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी भागात, आणि आतल्या रस्त्यांवर तर जास्तच, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि वेग वीस. आपण तिसऱ्यावर मागे मागे येतो. समोर रस्ता मोकळा दिसतो, पाय दाबतो, आणि गाडी विचार करत राहते. तिसऱ्यात वीस म्हणजे 1000 आरपीएम. ती काय उचलणार?

बाहेर यायच्या आधी, ट्रॉलीच्या मागे असतानाच दुसरा टाका. दुसऱ्यात वीसला 1500 मिळतात आणि तिथून पन्नासपर्यंत गाडी एका दमात जाते, 3800 पर्यंत. दोन ट्रॉल्या मागे पडल्या, आत आलात, मग तिसरा. ओलांडताना मध्येच, ट्रॅक्टरच्या बरोबरीला, गिअर बदलायची वेळ येऊ देऊ नका. समोरचं नीट दिसत नसेल तर कुठलाच गिअर कामाचा नाही, मागेच राहा. रात्री या ट्रॉल्यांना मागे लाईट किंवा चमकणारी पट्टी नसते, हे आपल्या भागातलं मोठं दुखणं आहे. अशा रस्त्यावर रात्री वेगच कमी ठेवा.

महामार्गावर हेच थोड्या वेगळ्या रूपात भेटतं. जुना 4 नंबर, आताचा 48, वंटमुरीच्या चढाला पाचव्यावर 80 ने निघता, वेग हळूहळू 60 वर येतो. पाचव्यात 60 म्हणजे 1750. चौथ्यात 2150. चौथा टाका. पाचवा धरून पाय फरशीला टेकवल्याने पेट्रोल वाचत नाही.

पुलावर आणि फाटकावर

टिळकवाडीचं रेल्वे फाटक पडलेलं असताना किंवा कपिलेश्वर पुलाच्या चढावर गर्दीत अडकल्यावर पुष्कळ जण गाडी अर्ध्या क्लचवर झुलवत ठेवतात. पुढे सरकत नाही, मागे येत नाही, चालवणाऱ्याला वाटतं हात बसला. त्या प्रत्येक सेकंदाला क्लच प्लेट घासते. थांबलात तर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, क्लचवरचा पाय काढा. निघताना पहिला टाका, क्लच हळू वर आणा, इंजिनाचा आवाज किंचित बसतो आणि गाडीचं नाक जरा उचलतं. तिथे पाय थांबवा, थोडी रेस द्या, हँडब्रेक सोडा. गाडी एक इंचही मागे येणार नाही. हिल होल्ड असलेल्या गाड्या ब्रेक सोडल्यावर सुमारे दोन सेकंद स्वतः धरतात, तेवढ्यात निघायचं असतं.

गणपत गल्ली किंवा खडेबाजारच्या गर्दीत, चालण्याच्या वेगाला, पहिला टाकून क्लच पूर्ण सोडा आणि पाय रेसवरून काढा. गाडी स्वतःच पाच-सहाच्या वेगाने सरकते. दुसऱ्यावर अर्धा क्लच धरून सरकण्यापेक्षा हे हजारपट चांगलं.

तरीही त्रास राहिला तर

खालच्या गिअरवरही गचके येत असतील, तर प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंधनाच्या दाबाकडे बघावं लागेल. इंजिनाचा दिवा पेटला असेल तर मिस्त्रीला स्कॅनर लावायला सांगा, अंदाजाने सामान बदलू देऊ नका. सुटताना एकदाच जोरात धक्का आणि दांडी पुढे-मागे हलत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बघा.

चढावर पाय दाबला की आरपीएम भराभर चढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. चौथ्यावर पन्नासने जाताना एकदम पाय दाबून बघा. काटा उसळला आणि गाडी तशीच राहिली तर प्लेट संपली. हे दुखणं गिअर उतरवून बरं होत नाही आणि असा क्लच घेऊन घाटात जाऊ नका.

गिअर पडताना खरखर होत असेल तर आधी खाली वाकून पायपुसणं बघा. जाड मॅट क्लचच्या मागे सरकलेली असते, पेडल शेवटपर्यंत जात नाही, आणि त्यापायी लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात. मॅट नीट असेल तर क्लचचं ऑइल किंवा केबल तपासून घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं दुसरा गिअर जड पडतो, तो गिअर ऑइल घट्ट झाल्यामुळे. गाडी तापली की सुटतो. तेवढा वेळ दांडीवर जोर करू नका. क्लच पूर्ण दाबून दांडी न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवा, मग दुसऱ्यात घाला.